समुद्रात 'अर्थ' कुठून आणायचा? शिडाच्या बोटीवरच्या अर्थिंगचे पाच वेगळे अर्थ

नवीन घराचं वायरिंग झालं की इलेक्ट्रिशियन अंगणात एक खड्डा खणायला लावतो. त्यात तांब्याची प्लेट किंवा जीआय पाइप पुरतो, वरून कोळसा आणि मीठ टाकतो आणि जाताना सांगून जातो, "उन्हाळ्यात इथे अधूनमधून पाणी ओतत जा." हे अर्थिंग. फ्रिजच्या किंवा गिझरच्या पत्र्यात चुकून करंट उतरला, तर तो तुमच्या अंगातून न जाता हिरव्या वायरने जमिनीत जावा, एवढीच त्यामागची कल्पना.

आता हेच घर पाण्यावर तरंगतंय असं समजा. भिंती फायबरग्लासच्या, म्हणजे वीज न वाहणाऱ्या. आजूबाजूला खारं पाणी. घरात १२ व्होल्टची बॅटरी, व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस चार्टप्लॉटर, रडार, एआयएस आणि स्वतःहून सुकाणू धरणारा ऑटोपायलट. डोक्यावर १५-२० मीटर उंचीची ॲल्युमिनियमची डोलकाठी. अशा ठिकाणी अर्थिंगचा खड्डा कुठे खणायचा?

लांबच्या सागरी सफरीवर हा प्रश्न जीवनमरणाचा होऊ शकतो. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या ५६ फुटी शिडाच्या नौकेवरून भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परतल्या. अशा प्रवासात जवळचं बंदर हजारो किलोमीटरवर असतं. आपण कुठे आहोत, समोरून कोणतं जहाज येतंय, वादळ कुठे आहे, हे सगळं उपकरणांकडूनच कळतं. त्यामुळे त्यांचं वायरिंग बिनचूक असावं लागतं. त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'अर्थ' या एका शब्दापाशी.

एक शब्द, पाच कामं

गोंधळाचं मूळ असं, की बोटीवर 'अर्थ' किंवा 'ग्राउंड' हा शब्द पाच निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

१. बॅटरीचा निगेटिव्ह, म्हणजे करंटची परतीची वाट.
२. धक्क्यावरून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचं सुरक्षा अर्थिंग.
३. पाण्याखालच्या धातूंची झीज रोखण्यासाठी केलेली जोडणी, म्हणजे बाँडिंग.
४. आकाशातून पडणाऱ्या विजेला पाण्यात उतरण्यासाठी दिलेली वाट.
५. लांब पल्ल्याच्या रेडिओच्या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग.

या पाचांची कामं वेगळी, करंट वेगळे, वायरी वेगळ्या. "सगळंच ग्राउंड आहे ना, मग जोडून टाका जिथे जमेल तिथे" असं केलं की रेडिओ खरखरतो, धातू झिजतो, आणि वाईटात वाईट म्हणजे पाण्यात पोहणाऱ्याला शॉक लागू शकतो. म्हणून हे पाच अर्थ एकेक करून समजून घेऊ.

पहिला अर्थ: परतीची वाट

बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून निघालेला करंट उपकरणातून फिरून निगेटिव्हला परत यायलाच हवा. गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. मेकॅनिक त्याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. बोटीत असं करायचं नाही. बोट ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची असली तरी नाही. प्रत्येक उपकरणाला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन वायरी हव्यात आणि सगळ्या निगेटिव्ह वायरी एका तांब्याच्या पट्टीवर, म्हणजे बसबारवर, येऊन मिळायला हव्यात.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. जीपीएस, व्हीएचएफ, एआयएस, डेप्थ साउंडर यांना समुद्राच्या पाण्याशी जोडायची काहीही गरज नसते. डोलकाठीच्या टोकावर असणारी व्हीएचएफची अँटेना साधारण मीटरभर लांबीची असते आणि ती स्वतःत पूर्ण असते. या उपकरणांना लागतात फक्त दोन चांगल्या, पुरेशा जाड वायरी.

'पुरेशा जाड' म्हणजे किती? गणित सोपं आहे. २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओ बोलताना साधारण ५ अँपियर करंट ओढतो. निगेटिव्हचा एखादा सांधा खाऱ्या हवेने गंजला आणि तिथे फक्त ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला, तर तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो. बॅटरीत १२ व्होल्ट असले तरी रेडिओला ११ मिळतात. ऐकताना करंट कमी लागतो, त्यामुळे रेडिओ ठणठणीत वाटतो. मदतीसाठी माइकचं बटण दाबलं की मात्र आवाज क्षीण होतो किंवा रेडिओ बंद पडतो. म्हणजे दोष नेमका गरजेच्या वेळी उघडा पडतो.

बोटींच्या वायरिंगचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकानुसार दिशादर्शक दिवे, रेडिओ अशा महत्त्वाच्या जोडण्यांमध्ये जाऊन-येऊन ३ टक्क्यांपेक्षा जास्त व्होल्टेज पडू नये. १२ व्होल्टच्या हिशोबात हे होतात ०.३६ व्होल्ट. वर सांगितलेला एक गंजका सांधा एकटाच ही मर्यादा जवळजवळ तिप्पट ओलांडतो.

आणखी एक अडचण आहे. रेडिओ आणि ऑटोपायलट एकाच बारीक निगेटिव्ह वायरवर असतील, तर रेडिओचा करंट सुरू होताच त्या वायरचं व्होल्टेज हलतं. ऑटोपायलटचा 'शून्य' तिथूनच मोजला जात असल्याने त्याचाही हिशोब हलतो. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह वायर स्वतंत्रपणे बसबारपर्यंत न्यावी. होकायंत्राजवळून जाणाऱ्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. दोन्हींतला करंट उलट दिशांनी वाहत असल्याने त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि होकायंत्राची सुई भरकटत नाही.

वायरच्या रंगाचीही एक गंमत आहे. अमेरिकी पद्धतीत बॅटरीचा निगेटिव्ह काळा किंवा पिवळा असतो. तिथे घरगुती विजेची जिवंत वायरही काळीच असते. काळ्या वायरला बॅटरीची समजून कुणी हात लावू नये म्हणून बोटीत पिवळ्या रंगाला पसंती दिली जाते.

दुसरा अर्थ: जीव वाचवणारी हिरवी वायर

बोट धक्क्याला लागली की केबल जोडून किनाऱ्यावरची वीज घेतात. भारतात ती २३० व्होल्टची. इथे अर्थिंगचं काम घरासारखंच आहे. चार्जरमध्ये बिघाड होऊन फेज त्याच्या पत्र्याला लागली, तर हिरव्या वायरमधून मोठा करंट किनाऱ्याकडे परत जावा आणि ब्रेकर पडावा.

ही हिरवी वायर बोटीवर बॅटरीच्या निगेटिव्हलाही एका ठिकाणी जोडतात. पहिल्यांदा ऐकताना हे उफराटं वाटतं. २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट यांना एकत्र का आणायचं? कारण चार्जर हे असं उपकरण आहे जिथे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. आतलं इन्सुलेशन जळून फेज १२ व्होल्टच्या बाजूला उतरली, तर ती बॅटरीच्या निगेटिव्हमधून इंजिनाला, इंजिनातून शाफ्टला आणि शाफ्टमधून पंख्याला पोचते. पंखा पाण्यात असतो. निगेटिव्ह आणि हिरवी वायर जोडलेली असेल तर ब्रेकर पडतो. नसेल तर तो करंट पाण्यातून किनाऱ्याकडे वाट शोधतो.

त्या पाण्यात त्या वेळी कुणी पोहत असेल तर? अशा वेळी स्नायू आखडतात, हातपाय हलत नाहीत आणि माणूस बुडतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो साधा बुडण्याचा अपघात वाटतो. हा धोका गोड्या पाण्यात जास्त असतो, कारण खाऱ्या पाण्यातून वीज माणसाच्या शरीरापेक्षा सहज वाहते, तर गोड्या पाण्यात शरीरच जास्त सोपी वाट ठरतं. म्हणून तलावातल्या किंवा नदीतल्या धक्क्यावर बोटींना वीज जोडलेली असताना आसपास पोहू नये, हा नियम जगभर सांगितला जातो. घरातल्या आरसीसीबीसारखा, ३० मिलिअँपियरची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बोटीवर असायलाच हवा तो यासाठी.

इन्व्हर्टर असेल तर आणखी एक काळजी. न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ जिथे वीज तयार होते तिथेच असावी. किनाऱ्याची वीज घेताना ती गाठ किनाऱ्यावर असते, बोटीवर नको. इन्व्हर्टर चालू असताना वीज बोटीवर तयार होते, म्हणून गाठही बोटीवर हवी. बोटीसाठी बनवलेले इन्व्हर्टर हा बदल आपोआप करतात. घरातला इन्व्हर्टर उचलून बोटीत बसवला तर तो हे करेलच असं नाही.

तिसरा अर्थ: धातूंचं भांडण थांबवणं

दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात बुडवून वायरने जोडले की बॅटरी तयार होते. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून छोटा दिवा पेटवला जातो, तेच हे. बोटीखाली ब्राँझचा पंखा, स्टीलचा शाफ्ट, तोट्या, कील असे अनेक धातू असतात. त्यातला जो विद्युतदृष्ट्या 'हलका' असतो तो झिजतो.

हे कोडं नवं नाही. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी जहाज वेस्ट इंडीजहून परतलं तेव्हा तांबं शाबूत होतं, पण लोखंडी खिळे झिजले होते. पुढे १८२४ मध्ये शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी हाच नियम उलटा वापरला. तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे मुद्दाम जोडायचे, म्हणजे ते झिजतील आणि तांबं वाचेल. कोचीनमध्ये बांधलेल्या 'समारंग' या जहाजावर हा प्रयोग झाला. तांबं खरोखर वाचलं. पण तांबं विरघळायचं थांबल्यामुळे त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि बुडावर शेवाळ आणि शिंपले चिकटू लागले!

आज प्रत्येक बोटीखाली दिसणारं 'झिंक' म्हणजे डेव्ही यांची तीच कल्पना. पाण्याखालचे धातू हिरव्या वायरने एकमेकांना आणि झिंकला जोडतात. याला म्हणतात बाँडिंग. झिंक झिजतं आणि बाकीचे धातू टिकतात. झिंक निम्मं झिजलं की बदलायचं. समुद्रात जस्त चालतं. गोड्या पाण्यात मात्र त्यावर थर चढून ते निकामी होतं, तिथे मॅग्नेशियम लावतात. निमखाऱ्या पाण्यासाठी ॲल्युमिनियम बरं. गोव्याच्या मांडवीसारख्या नदीत पाणी उन्हाळ्यात खारं आणि पावसाळ्यात जवळजवळ गोडं होतं. तिथे वर्षभर बोट ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण बाँडिंग हे परतीच्या करंटचं काम करण्यासाठी नाही. ही हिरवी वायर एरवी रिकामी असावी. एखाद्या पंपाची निगेटिव्ह वायर आळसापोटी जवळच्या बाँडिंग वायरला जोडली, तर बॅटरीचा करंट पाण्याखालच्या धातूंमधून वाहू शकतो. धातूंच्या आपापसांतल्या भांडणाने जे नुकसान व्हायला महिने लागतात, ते बॅटरीच्या गळतीमुळे काही दिवसांत होऊ शकतं.

हे नुकसान म्हणजे काय, तेही पाहू. बुडातून आरपार जाणारी दीड इंची तोटी झिजून तुटली आणि ती पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर असली, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर साधारण तासा-दीड तासात बोटीत रिकामा व्हावा, असा हा वेग. पितळी तोट्यांचा तर जास्तच धोका. पितळेतलं जस्त निघून जातं, तोटी बाहेरून जागच्या जागी दिसते, पण आतून गुलाबी आणि ठिसूळ झालेली असते.

लाकडी बोटींची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे झिंक गरजेपेक्षा जास्त लावलं तर धातूभोवती क्षार तयार होतात आणि ते लाकूडच खातात. त्यामुळे लाकडी बोटीत अनेक जण तोट्यांना बाँडिंग करत नाहीत, सुट्याच ठेवतात.

शेजाऱ्याच्या बोटीसाठी तुमचं झिंक

मरिनात एक अजब प्रकार घडतो. किनाऱ्याच्या विजेची हिरवी वायर सगळ्या बोटींना समान असते. म्हणजे तुमचं झिंक त्या वायरमधून शेजारच्या बोटीच्या धातूंनाही जोडलेलं असतं. शेजाऱ्याने झिंक बदललं नसेल तर तुमचं झिंक त्याच्याही बोटीची राखण करतं आणि भराभर संपतं.

यावर काही जण चुकीचा इलाज करतात. ते किनाऱ्याकडून येणारी हिरवी वायरच कापतात. झीज थांबते, पण त्याबरोबर जीव वाचवणारी वाटही बंद होते. योग्य इलाज दोन आहेत. पहिला, गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. हा साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा बॅटरीसारखा करंट अडवतो, पण बिघाडाच्या वेळी येणारा मोठा करंट जाऊ देतो. दुसरा आणि जास्त पक्का इलाज म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तो किनारा आणि बोट यांचा धातूने होणारा संबंधच तोडतो. तो महाग आणि जड असतो, हा त्याचा तोटा.

चौथा अर्थ: आकाशातल्या विजेची वाट

मराठीत बोर्डातली आणि आकाशातली, दोन्ही 'वीज'च. बोटीवर मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या ठेवाव्या लागतात. उघड्या समुद्रात डोलकाठी हीच आजूबाजूची सगळ्यात उंच वस्तू असते.

एकोणिसाव्या शतकात विल्यम स्नो हॅरिस यांनी डोलकाठीत तांब्याच्या पट्ट्या बसवून त्या बुडाच्या तांब्यापर्यंत नेण्याची पद्धत मांडली. चार्ल्स डार्विन ज्या जहाजातून १८३१ मध्ये निघाले, त्या 'बीगल'वरही हीच यंत्रणा होती. तत्त्व आजही तेच आहे. विजेला वरून पाण्यापर्यंत सरळ, जाड, अखंड वाट द्यायची. अमेरिकन मानकात यासाठी किमान २१ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली किमान एक चौरस फूट धातूची प्लेट सांगितली आहे. पाण्यात उघडी असलेली धातूची कीलही हे काम करू शकते.

या वायरला काटकोनात वळवायचं नाही. विजेचा झोत वळणावर थांबत नाही, तो हवेतून उडी मारून जवळच्या धातूवर जातो. ती उडी माणसावर किंवा रेडिओवरही पडू शकते. म्हणून वळण गोलाकार हवं, किमान २० सेंटिमीटर त्रिज्येचं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा, रेलिंग, इंधनाची टाकी असे जवळचे मोठे धातूही या यंत्रणेला जोडतात, म्हणजे त्यांच्यात ठिणगी उडत नाही.

हे सगळं कशासाठी? माणसं आणि बोटीचं बूड वाचावं यासाठी. इलेक्ट्रॉनिक्स वाचेल याची हमी कुणीच देत नाही. वीज थेट पडली नाही, शेजारी पडली, तरी वायरींमध्ये मोठं व्होल्टेज निर्माण होतं. म्हणून वादळ दिसलं की हातात धरायचा व्हीएचएफ, सुटा जीपीएस आणि सॅटेलाइट फोन अनेक खलाशी बोटीवरच्या धातूच्या ओव्हनमध्ये ठेवतात. धातूचा बंद डबा आतल्या वस्तूला बऱ्यापैकी संरक्षण देतो.

बोटीच्या मुख्य वायरिंगपासून स्वतंत्र असं एक तरी उपकरण का असावं, याचं उदाहरण भारतीयांच्या आठवणीत आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. या अपघाताचा अर्थिंगशी संबंध नव्हता. पण आपण जखमी आहोत, चालू शकत नाही, हे त्यांनी जगाला कळवलं ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणाऱ्या एका छोट्या सुट्या उपकरणातून.

पाचवा अर्थ: अँटेनाचा अर्धा भाग

व्हीएचएफ साधारणपणे नजरेच्या टप्प्यापर्यंत चालतो. त्यापलीकडे शेकडो-हजारो किलोमीटर बोलायचं तर एचएफ रेडिओ लागतो. त्याची अँटेना म्हणून डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार वापरतात. पण ती अर्धीच अँटेना झाली. उरलेला अर्धा भाग म्हणजे समुद्र. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्याने ते इथे आरशासारखं काम करतं.

समुद्रापर्यंत पोचायला अँटेना ट्यूनरपासून कीलपर्यंत किंवा बुडाला लावलेल्या ब्राँझच्या प्लेटपर्यंत तांब्याची रुंद, पातळ पट्टी नेतात. जाड गोल वायर का नाही? कारण रेडिओ लहरी धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतात. त्यांना जाडी नको, रुंदी हवी. साधारण तीन इंच रुंद पट्टी या कामी वापरली जाते.

ही पट्टी कमी पडली तर रेडिओची ऊर्जा परतीची वाट शोधत बोटीतल्या बाकीच्या वायरींमध्ये घुसते. मग माइकचं बटण दाबलं की पॅनेलचे दिवे लुकलुकतात, माइकच्या धातूचा चटका बसतो, किंवा ऑटोपायलट अचानक भलतीकडेच वळतो. रात्री, जोराच्या वाऱ्यात, शिडं ताणलेली असताना बोट अशी वळली तर शीड धरणारा आडवा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे वेगाने फिरतो. त्याच्या वाटेत डोकं आलं तर काय होईल ते सांगायला नको.

आता पेच असा, की ही तांब्याची पट्टी कीलला जोडली की रेडिओमार्फत बॅटरीचा निगेटिव्हही कीलला जोडला जातो, आणि तिसऱ्या अर्थात पाहिलेली झीज सुरू होऊ शकते. यावरचा तोडगा छान आहे. पट्टीला मध्ये छोटा छेद देऊन तिथे लहान कपॅसिटर बसवायचे. कपॅसिटर बॅटरीचा करंट अडवतो आणि रेडिओ लहरींना सोडतो.

मग हे पाचही जोडायचे की नाही?

जोडायचे, पण ठरवून. बहुतेक फायबरग्लास बोटींसाठीचा नियम एका वाक्यात असा सांगता येईल: प्रत्येक अर्थाची स्वतःची वाट, आणि सगळ्या वाटांची भेट एकाच ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे सहसा मुख्य निगेटिव्ह बसबार किंवा इंजिनावरचा निगेटिव्हचा बोल्ट.

दोन ठिकाणी जोडलं की वायरींचं कडं तयार होतं. त्या कड्यात नको ते करंट फिरू लागतात आणि ते रेडिओत गुणगुण म्हणून ऐकू येतात. हे कडं नकळतही तयार होतं. व्हीएचएफच्या केबलचं बाहेरचं जाळीदार आवरण रेडिओच्या आत निगेटिव्हला जोडलेलं असतं. तेच वर डोलकाठीच्या टोकाशी धातूला लागलं, तर डोलकाठी आपोआप निगेटिव्हला जोडली जाते. उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या एनएमईए २००० नेटवर्कच्या केबलचं आवरणही म्हणूनच एकाच ठिकाणी ग्राउंड करतात.

घरच्या मल्टिमीटरने काय तपासता येईल?

१. रेडिओवर बोलताना त्याच्या निगेटिव्ह टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. पॉझिटिव्ह बाजूही तशीच मोजा. दोन्हींची बेरीज ०.३६ व्होल्टच्या आत हवी.

२. सगळी बटणं बंद करा, बॅटरीची पॉझिटिव्ह वायर काढून मध्ये अँपियरवर लावलेला मीटर जोडा. तळात साचणारं पाणी उपसणाऱ्या पंपाचा सेन्सर यांसारखी कायम चालू उपकरणं सोडली तर आकडा शून्याजवळ हवा. नसेल तर कुठेतरी गळती आहे.

३. सुट्या केलेल्या बाँडिंग वायरचा तोटीपासून झिंकपर्यंतचा अडथळा मोजा. तो जवळजवळ शून्य हवा. हिरवी पावडर धरलेला सांधा दिसला तर मीटर न लावताही तो साफ करा.

४. २३० व्होल्टच्या बाजूला मात्र स्वतः हात घालू नका. तिथे बोटींची माहिती असलेला इलेक्ट्रिशियनच हवा. घरांचं वायरिंग करणारा कितीही हुशार असला तरी बॅटरी, पाणी आणि किनारा या तिघांचं नातं त्याने पाहिलेलं असेलच असं नाही.

कोकणातल्या अनेक मासेमारी बोटीही आता फायबरच्या आहेत आणि त्यांच्यावर जीपीएस, व्हीएचएफ, फिशफाइंडर असतात. शिडं नसली तरी त्यांनाही यातले बहुतेक नियम लागू पडतात. पंख्याचं झिंक दर हंगामाला का संपतं, किंवा किनाऱ्यावर नीट चालणारा वायरलेस खोल समुद्रात ऐन वेळी का दगा देतो, याचं उत्तर बऱ्याचदा एखाद्या पाच रुपयांच्या गंजक्या लगमध्ये सापडतं.

घरी अर्थिंगसाठी पायाखाली जमीन असते, एक खड्डा खणला की काम भागतं. बोटीवर ती जमीन वायरींनी, पट्ट्यांनी आणि प्लेटांनी तयार करावी लागते. म्हणून बोटीवर कुणी म्हणालं, "हे ग्राउंडला जोडून टाक," तर वायर हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: "पाचांपैकी कोणत्या?"